गाडीचा हादरा, धरणीचा हादरा

(द्वितीय वर्ष, कला)

भाईंदरला आमची खोली रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नाही. पहाटे एखादी मालगाडी धडधडत गेली की मांडणीवरची भांडी किणकिणू लागतात, खिडकीची काच थरथरते आणि झोपलेल्या माणसाच्या पाठीला जमिनीचा कंप जाणवतो. घरातली बाकीची माणसे कूस बदलून पुन्हा झोपी जातात. आजी मात्र उठून बसते. एक हात जमिनीवर टेकवून ती काही क्षण तशीच राहते. भांडी शांत झाली की म्हणते, "गाडीच हुती. झोप पोरी." आणि मग आडवी होते.

आजीचे माहेर पाटण तालुक्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरचा भूकंप झाला तेव्हा ती बारा वर्षांची होती. भूकंपाची तीव्रता ६.३ च्या आसपास होती असे पुस्तकात दिले आहे, आणि सुमारे दोनशे माणसे दगावली असेही दिले आहे. आजीच्या दृष्टीने आकडा एकच आहे. तिचा धाकटा भाऊ भिंतीखाली सापडला. त्यापुढे ती सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

यंदा भूगोलाच्या तासाला सर भूकंपमापक यंत्राविषयी शिकवत होते. मी उठून विचारले, "सर, असे यंत्र आमच्या भाईंदरला ठेवले, तर ते दिवसभर रेल्वेचेच लिहीत बसेल. मग खरा भूकंप त्याला कळणार कसा?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर शोध आणि वार्षिकासाठी लिहून दे." प्रस्तुत लेख हे त्याचेच फळ होय. मी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे चुकले तर विचारावे असे कोणी घरात नाही. तेव्हा जे मला नीट समजले तेवढेच, माझ्या भाषेत सांगते.

यंत्र म्हणजे एक आळशी वजन

सकाळी भाईंदरहून लोकलने जाणाऱ्या कोणालाही हे यंत्र समजावून सांगायला वेळ लागणार नाही. गाडीने एकदम वेग घेतला की आपण मागे कलतो. गाडी पुढे निघते, पण आपले शरीर जागचे हलायला तयार नसते. वस्तूच्या या स्वभावाला शास्त्रात जडत्व म्हणतात.

भूकंपमापक यंत्रात एक वजन स्प्रिंगला किंवा लंबकासारखे टांगलेले असते. जमीन हलते तेव्हा तिच्यावर बसवलेली चौकट हलते, पण आत टांगलेले वजन आळसाने मागे राहते. चौकट आणि वजन यांच्यात जो फरक पडतो तोच लिहून काढायचा, एवढेच यंत्राचे काम. जुन्या यंत्रांत वजनाच्या हालचालीने फिरत्या कागदावर रेघ उमटत असे. आता चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साह्याने तीच हालचाल विजेच्या रूपात नोंदली जाते. आपल्या हातातल्या मोबाइलमध्येही अशीच एक व्यवस्था असते. फोन आडवा केला की चित्र आडवे होते ते याच्याच बळावर. फरक इतकाच, की तिथले वजन सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा कण असते.

आता अडचण लक्षात येईल. ज्या यंत्राला जमिनीचा बारीकात बारीक कंप कळावा म्हणून इतके हळवे केले, ते त्याच हळवेपणामुळे धक्क्याने मोडते आणि नको त्या कंपाने गोंधळते. काचेच्या कपाला जपणे सोपे आहे, कारण त्याने हालचाल जाणावी अशी आपली अपेक्षा नसते. इथे हादरे जाणण्यासाठीच बनवलेल्या यंत्राला हादऱ्यांपासून जपायचे आहे.

प्रवासात मऊ

पहिला प्रश्न यंत्र जागेवर सुखरूप पोहोचवण्याचा. या बाबतीत माझे गुरू माझे वडील. ते माथाडी कामगार आहेत, भिवंडीच्या गोदामांत माल चढवतात-उतरवतात. शिक्षण चौथीपर्यंत झाले, पण खोक्यावरची चित्रे त्यांना पाठ आहेत. फुटक्या पेल्याचे चित्र म्हणजे नाजूक माल, दोन बाण म्हणजे ही बाजू वर. काही महाग मालाच्या खोक्यावर एक लहानशी पट्टी चिकटवलेली असते, खोका आपटला की ती लाल होते आणि पुन्हा पांढरी होत नाही. वडील म्हणतात, "तसा खोका फेकायचा नाही, टेकवायचा."

फेकणे आणि टेकवणे यांतला फरक गणिताने पाहण्यासारखा आहे. एक मीटर उंचीवरून वस्तू फरशीवर पडली आणि एका मिलिमीटरच्या अंतरात थांबली, तर तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजारपट धक्का बसतो. तीच वस्तू पाच सेंटिमीटर दबणाऱ्या गादीवर पडली तर धक्का सुमारे वीसपट उरतो. पडण्याची उंची तीच, वजन तेच, फक्त थांबायला जागा मिळाली. देवगडचा आंबा पेंढ्यात घालून पाठवतात, चिनी मातीच्या बरण्या गवतात गुंडाळून येत, त्यामागचे शास्त्र हेच. आपल्या आज्यांना हे गणित ठाऊक नव्हते, पण उत्तर ठाऊक होते.

यंत्राच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. बाहेरून कितीही मऊ गादी घातली तरी आतले टांगलेले वजन हेलकावे खात राहिले तर स्वतःच्याच चौकटीवर आपटून नाजूक स्प्रिंग बिघडवील. म्हणून पुष्कळ भूकंपमापकांत प्रवासापूर्वी ते वजन आवळून घट्ट अडकवण्याची सोय केलेली असते. जागेवर पोहोचल्यावर ते मोकळे करायचे.

दोऱ्याचा प्रयोग

मग मला वाटले, प्रवासात गादी इतकी उपयोगी पडते, तर यंत्र कायमचेच रबराच्या जाड चकत्यांवर का बसवू नये? रेल्वेचे हादरे रबर खाऊन टाकील. हा माझा समज चुकीचा निघाला. तो का चुकला हे पाहण्यासाठी वाचकांनी एक लहान प्रयोग करावा.

वीतभराहून थोडा मोठा, म्हणजे सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीचा दोरा घ्या आणि त्याला एक कुलूप बांधा. दोऱ्याचे वरचे टोक बोटांत धरा. आता हात अगदी सावकाश डावीउजवीकडे न्या. कुलूप हाताबरोबर निमूट जाते. नंतर हात भराभर, थरथरल्यासारखा हलवा. हात कापतो, पण खाली कुलूप जवळजवळ स्थिर राहते. तिसऱ्या वेळी हात सेकंदाला एक फेरी या बेताने हलवा. कुलूप पिसाटल्यासारखे झोके घेऊ लागते, हाताच्या हालचालीपेक्षा कितीतरी मोठे.

या लांबीच्या लंबकाचा स्वतःचा झोका एका सेकंदाचा असतो. प्रत्येक टांगलेल्या किंवा मऊ वस्तूवर ठेवलेल्या वजनाला असा एक स्वतःचा ताल असतो. त्याला स्वाभाविक वारंवारता म्हणतात. त्याहून पुष्कळ जलद हादरे गाळले जातात, पुष्कळ सावकाश हादरे जसेच्या तसे पोहोचतात आणि त्याच तालाचे हादरे उलट वाढतात. हिशेबाने पाहिले तर स्वाभाविक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीच्या पुढेच गाळण सुरू होते.

म्हणजे रबर ही भिंत नव्हे, चाळणी आहे. या चाळणीला गाडीचा हादरा कोणता आणि धरणीचा कोणता हे समजत नाही. तिला फक्त जलद आणि सावकाश एवढेच कळते. जवळच्या लहान भूकंपाचे कंपही सेकंदाला अनेक फेऱ्यांचे असतात, रेल्वेच्या कंपांसारखेच. रबर रेल्वेबरोबर त्यांनाही गाळणार आणि शिवाय स्वतःच्या तालाचा एखादा कंप फुगवून दाखवणार. असे यंत्र सुरक्षित राहील, पण खोटे बोलेल.

मी हे मोबाइलवर करून पाहिले. कंप मोजणारी एक सोय फोनमध्ये घेतली आणि फोन फरशीवर ठेवला. गाडी आली की पडद्यावरची रेघ जराशी जाड होई. मग फोन घडी घातलेल्या गोधडीवर ठेवला. गाडी गेली, रेघ बारीकच राहिली. मला आनंद झाला. इतक्यात धाकटा भाऊ शेजारून धावत गेला आणि रेघेने मोठा झोका घेतला. फरशीवर असताना त्याच्या धावण्याने एवढे झाले नव्हते.

कामावर कठीण

म्हणून कामाच्या जागी भूकंपमापक गादीवर ठेवत नाहीत, पाषाणावर ठेवतात. शक्य असेल तिथे जमिनीतला मूळ खडक उघडा करून त्यावर काँक्रीटचा चौथरा बांधतात आणि यंत्र त्यावर ठेवतात. खोलीची फरशी आणि चौथरा यांच्यात फट सोडतात, म्हणजे माणसांच्या पावलांचा कंप फरशीवरून चौथऱ्यावर चढत नाही. यंत्रावर झाकण घालून वाऱ्याची झुळूक आणि उन्हाची ऊबही दूर ठेवतात, कारण स्प्रिंग तापली की लांब होते आणि यंत्राला वाटते जमीन हलली.

या दृष्टीने आमचे भाईंदर अगदीच नापास. इथली बरीचशी जमीन खाडीच्या काठची, मिठागरांची, खाली मऊ चिखल. असा चिखल ताटातल्या खरवसासारखा असतो. ताटाला धक्का लागला की ताट थांबते, खरवस थरथरत राहतो. त्यात पश्चिम रेल्वे, घोडबंदरचा रस्ता आणि पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे. यंत्राने ऐकावे तरी काय काय!

माणसांच्या गजबजाटापासून दूर जाणे हा सर्वांत जुना उपाय. मुंबईत त्याचे एक सुंदर उदाहरण घडले आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्या प्रवाहाने टांगलेल्या चुंबकसूच्या बिघडणार हे ओळखून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. १९०४ साली अलिबागचे काम सुरू झाले, विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. तो त्रास हादऱ्यांचा नव्हता, विजेचा होता. पण धडा तोच आहे. गोंगाट थांबवता येत नसेल, तर तो येण्याआधी नाजूक यंत्राने घर बदलावे.

दूर जाता येत नसेल तर खोल जावे. रेल्वेचे आणि वाहनांचे कंप बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरांतून पसरतात, जसजसे खाली जावे तसतसे ते विरतात. आजीच्या माहेरच्या मुलखात आज हाच उपाय योजला आहे. कोयनेच्या परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोल विवरे खणून त्यांच्या तळाशी भूकंपमापक उतरवले गेले. पुढे गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विवर खणण्यात आले. त्या कामासाठी कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. जिथे भूकंप जन्मतो तिकडेच कान नेऊन ठेवायचा, असा हा विचार.

तरीही एक आवाज सर्वत्र पोहोचतोच, तो समुद्राचा. लाटांच्या रेट्याने जमिनीला काही सेकंदांच्या संथ तालाचा एक अखंड कंप असतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की तो वाढतो. उत्तनच्या किनाऱ्यावर उभे राहून आपल्याला तो कळत नाही, यंत्राला मात्र किनाऱ्यापासून दूरवरही कळतो.

माणसांचा गोंगाट किती असतो हे जगाला २०२० साली समजले. टाळेबंदीच्या काळात जगभरच्या शेकडो भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांमुळे होणारे कंप काही ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरलेले दिसले. त्या मार्चअखेरीस आमच्याही लोकल बंद पडल्या होत्या. वडिलांचे काम थांबले होते, घरात काळजी होती. पण मला आठवते, त्या दिवसांत आजी प्रथमच सकाळी उजाडेपर्यंत झोपे.

हळवा कान आणि दणकट कान

इथे आणखी एक शंका येते. यंत्राला दूरच्या कोपऱ्यातली कुजबुज ऐकू येईल इतके हळवे केले, आणि भूकंप त्याच्या पायाखालीच झाला तर? तर त्याची रेघ कागदाबाहेर जाते आणि मोठ्या हादऱ्याचे मोजमाप नेमके हातचे निसटते. म्हणून दुसऱ्या जातीचे यंत्र लागते. ते कुजबुज ऐकत नाही, आरोळीच ऐकते. त्याला प्रवेगलेखक म्हणतात. जुने प्रवेगलेखक एरवी झोपलेले असत, ठरावीक मर्यादेपलीकडे जमीन हलली की जागे होऊन लिहू लागत.

कोयना धरणाच्या पायातल्या बोगद्यासारख्या मार्गिकेत असे एक यंत्र १९६७ साली बसवलेले होते. त्या पहाटे ते जागे झाले आणि त्याने धरणाच्या पायाचा हादरा लिहून ठेवला. गुरुत्वप्रवेगाच्या सुमारे ०.६३ पट एवढा जोर त्यात नोंदला गेला. एवढ्या जवळून घेतलेली अशी नोंद त्या काळी दुर्मीळ होती. धरणे भूकंपात टिकतील कशी, हे तपासताना जगभरचे स्थापत्य अभियंते कोयनेची ती नोंद अजूनही वापरतात. मला ही गोष्ट वाचताना अंगावर काटा आला. आजीचा भाऊ ज्या हादऱ्यात गेला, तोच हादरा एका दणकट यंत्राने सांभाळून ठेवला आणि कोठल्या कोठल्या देशांतली धरणे त्यावरून तपासली गेली. हळवेपणाइतकाच दणकटपणाही ज्ञानाच्या कामी येतो.

हिंगोलीचे आरसे

वर सांगितलेली दोऱ्याची युक्ती भूकंपमापकाच्या कामी आली नाही, म्हणून ती टाकाऊ नव्हे. जिथे जमिनीचा कोणताच कंप नको असतो तिथे तिचे राज्य सुरू होते. असे स्थान आपल्याच महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ निवडले गेले आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया या प्रकल्पाला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली.

अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथम टिपली. त्यांत चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतात. लहर येते तेव्हा भुजांच्या टोकांच्या आरशांमधले अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी बदलते. एवढा बारीक बदल मोजायचा तर आरशाला जमिनीचा स्पर्शही नको. म्हणून चाळीस किलोचा आरसा काचेच्या केसासारख्या तंतूंनी टांगतात, आणि एका लंबकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी चार लंबकांची साखळी करतात. एका लंबकाने जलद हादऱ्याचा शंभरावा भाग उरला असे धरले, तर चौघांनी मिळून दहा कोटीवा भाग उरतो. जे संथ हादरे या साखळीतून निसटतात त्यांच्यासाठी आणखी एक युक्ती आहे. खालच्या मंचावर संवेदक बसवतात. ते जमिनीची हालचाल मोजतात आणि मंच तेवढाच उलट दिशेने ढकलला जातो. डोक्यावर हंडा घेतलेली बाई खड्ड्यात पाय पडताच मान सावरते, तसेच हे.

इतके करूनही अमेरिकेतल्या एका केंद्रात नोंदींत चमत्कारिक ठोके दिसू लागले. शोधाअंती कळले, की तहानलेले डोंबकावळे नळीवर साचलेला बर्फ चोचीने टोचत होते!

उत्तर

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. शेवटी गाडीचा हादरा आणि धरणीचा हादरा वेगळा ओळखतात कसा?

एक यंत्र एकटे असेल तर फसू शकते. म्हणून यंत्रे गटाने ठेवतात. गाडीचा हादरा रुळांजवळच्या एकाच यंत्राला कळतो, भूकंप मात्र सर्वांना कळतो आणि ठरावीक क्रमाने कळतो. शिवाय भूकंपाच्या दोन लहरी निघतात. वेगवान प्राथमिक लहर आधी पोहोचते, जोरकस दुय्यम लहर मागून येते. दोहोंमध्ये जितके सेकंद जातील त्यांना आठाने गुणले की भूकंप किती किलोमीटरवर झाला याचा अंदाज येतो. कोयनेचा भूकंप भाईंदरच्या यंत्रावर मोजला तर हे अंतर जवळजवळ अर्ध्या मिनिटाचे भरेल. गाडीच्या हादऱ्याला अशी दोन पावले नसतात. तो हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो.

हे सारे समजल्यावर मी एका रात्री आजीला सांगू लागले. ती म्हणाली, "त्यात शिकायचं काय? गाडी लांबनं येती, तोंड दावून येती. धरणीकंप तसा न्हाय. त्यो एकदम पायाखाली हुबा ऱ्हातो."

मी गप्प राहिले. तिला रात्री त्रास होतो म्हणून मी वडिलांना जाड गादी आणायला सांगितले होते. गादी आली, पण आजी अजून फरशीवर चटई टाकूनच झोपते. आतापर्यंत मला तो हट्ट वाटे. लेख लिहिताना उमजले, की तिला हादरे कळायला नको आहेत असे नाही. कोणता हादरा आहे हे तिला कळायला हवे आहे. आमच्या घरात एवढ्या माणसांची झोप तिच्या भरवशावर चालते असे ती समजते. यंत्र जपणारे शास्त्रज्ञही दुसरे काय करतात? प्रवासात ते त्याला गादीत गुंडाळतात, पण कामाला लागण्यापूर्वी गादी काढून त्याला पाषाणावर ठेवतात.

परवा पहाटे पुन्हा मालगाडी गेली. आजी उठून बसली. या वेळी मीही उठले आणि तिच्या हाताशेजारी फरशीवर हात टेकवला. कंप चढत गेला, उतरत गेला, भांडी थांबली.

"गाडीच होती, आजी," मी म्हटले.

"व्हय," ती म्हणाली आणि आडवी झाली.